वाटसरूचे पाणी



वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभराच्या उकाड्यानंतर, घरचा गारवा सोडून आपण व्याख्यान ऐकायला आलात, तेव्हा आपणही एका अर्थाने प्रवासीच झाला आहात. प्रवास छोटा असेल, पण त्यातही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मंडपाच्या दाराशी चालकांनी दोन माठ भरून ठेवले आहेत, त्यांवर ओले फडके गुंडाळले आहे आणि शेजारी ओगराळे ठेवले आहे. आत येणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे क्षणभर थांबला, पाणी प्यायला आणि मग खुर्चीकडे वळला. कोणी कोणाला विचारले नाही की, ‘आपण कोण, कुठले?’ माठाशी उभ्या असलेल्या मुलानेही ते विचारले नाही.

चालकांनी मला विषय दिला तो ‘प्रवासाचा इतिहास’. विषय असा अफाट आहे की, एका तासात त्याची परिक्रमा करणे म्हणजे अंगठ्याएवढ्या होडीतून समुद्र ओलांडण्यासारखे. चाकाचा शोध केव्हा लागला, गलबते कशी बांधली, आगगाडी, मोटार, विमान ही मालिका आपणांस शाळेपासून ठाऊक आहे. पण वाहनांचा इतिहास म्हणजे प्रवासाचा इतिहास नव्हे. वाहन माणसाला पुढे नेते, पण वाटेत त्याला जगवतो तो दुसरा माणूस. म्हणून मी आज चाकांविषयी बोलणार नाही. दारातल्या त्या माठाविषयी बोलणार आहे. वाटसरूला पाणी कोणी दिले, का दिले आणि कोणाला नाकारले, एवढाच प्रश्न धरून दोन हजारांहून अधिक वर्षांची वाट चालता येते, असे मला वाटते.

प्रथम तहानेची ओळख करून घेऊ. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू बुद्धाच्या भूमीचे दर्शन घ्यायला आणि ग्रंथ मिळवायला एकटा निघाला. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. वाळवंटात असताना पाण्याची पखाल त्याच्या हातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. चार रात्री आणि पाच दिवस त्याच्या घशात थेंब गेला नाही. तो निपचित पडला. शेवटी घोड्याला पाण्याचा वास लागला आणि घोड्यानेच त्याला पाण्यापाशी नेले. हाच माणूस पुढे इसवी सन ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आला. त्याने इथल्या लोकांविषयी लिहिले की, हे लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. त्यातले किती आज खरे आहे ते आपले आपण ठरवावे! परंतु उत्तरेतल्या एका प्रदेशाचे वर्णन करताना त्याने पुण्यशालांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. तिथे गरिबाला अन्न आणि औषध मिळे, त्यामुळे प्रवाशाचे हाल होत नसत. जो स्वतः तहानेने मरता मरता वाचला, त्याच्या नजरेला पुण्यशाला पडावी हे साहजिक आहे.

आपल्या संतकथांतही हीच तहान आहे. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेला निघाले आणि मारवाडच्या रखरखाटात तहानेने व्याकूळ झाले. एक विहीर सापडली, पण ती इतकी खोल की पाणी काढायला दोर पुरेना. ज्ञानदेव योगसामर्थ्याने सूक्ष्म रूप घेऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांनी मात्र विठ्ठलाचा धावा केला, तेव्हा विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. ही कथा सांगताना कीर्तनकार योगापेक्षा भक्ती थोर असे तात्पर्य काढतात, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक तात्पर्य दिसते. ज्ञानदेवांच्या युक्तीने एकाची तहान भागली. नामदेवांच्या हाकेने वर आलेले पाणी मागून येणाऱ्या प्रत्येक वाटसरूचे झाले. प्रवासाच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहेत: स्वतःपुरते पाणी आणि सर्वांसाठी पाणी.

आता इतिहासाच्या लेखी पुराव्याकडे वळू, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. मुंबईजवळचे नालासोपारे आज लोकलच्या गर्दीमुळे प्रसिद्ध आहे. पण हेच ते प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. हा आठवा लेख म्हणजे प्रवासाच्या इतिहासातले एक मोठे मजेदार पान आहे. पूर्ण लेख इतर ठिकाणी आहे, त्यावरून त्याचा आशय कळतो. अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. त्यांत शिकार असे आणि तशाच इतर करमणुकी असत. मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक स्वतः बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत साधूंची भेट, वृद्धांना दान आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांचे दर्शन होई.

पाहा, सहल आणि यात्रा हा भेद आज आपण वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचून करतो. तो भेद बावीसशे वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या दगडावर कोरलेला होता! आणि यात्रेचा अर्थ त्या राजाने देवदर्शनापुरता ठेवला नाही. ज्या मुलखातून आपण जातो तिथल्या माणसांना भेटणे हा त्याने यात्रेचा भाग मानला.

हाच अशोक आपल्या सातव्या स्तंभलेखात सांगतो की, रस्त्यांच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया केल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खणल्या, पाणपोया घातल्या. आणि लगेच जोडतो की, यात माझे विशेष ते काय? पूर्वीच्या राजांनीही असली सुखे दिलीच होती. सत्ताधाऱ्याने आपल्या कामाचा दगड बसवताना पूर्वीच्यांचे श्रेय मान्य करावे, हा प्रघात पुढे फारसा टिकला नाही.

पुढचा पुरावा नाशिकचा आहे. आपल्यापैकी अनेकांनी पांडवलेणी पाहिली असतील. पाहिली म्हणजे चढलो, दमलो, फोटो काढला आणि उतरलो, असे बहुतेकांचे होते. माझेही पहिल्या खेपेला तसेच झाले. पण तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ. त्या लेखात त्याच्या दानधर्माची यादी आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे ठाणे आणि शूर्पारक, या चार ठिकाणी त्याने प्रवाशांना उतरण्यासाठी चौसोपी निवारे बांधले. विहिरी आणि तळी केली. आणि मग तो सहा नद्यांची नावे घेतो: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. यांतल्या दाहनुकेत आपल्या डहाणूचे नाव सहज ऐकू येते. या सहा नद्यांवर त्याने पुण्यतर ठेवले, म्हणजे नावेचे पैसे न देता पलीकडे जायची सोय केली. आणि नदीच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ केल्या. सभा म्हणजे बसण्या-विसावण्याची जागा. प्रपा म्हणजे पाणपोई.

दोन्ही तीरांवर हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. ज्याने कधी उन्हात नावेची वाट पाहिली असेल, त्यालाच हे सुचेल. नाव पलीकडे गेलेली असते, नावाडी जेवायला बसलेला असतो आणि आपण वाळूत उभे असतो. अलीकडच्या काठावरही तहान लागते आणि पलीकडच्याही. ही खरी प्रशासकाची दृष्टी.

उषवदाताने हे केवळ पुण्यासाठी केले, असे मानण्याइतके भाबडे होण्याचे मात्र कारण नाही. त्या काळी भडोच आणि सोपारा या बंदरांतून पश्चिमेकडे मोठा व्यापार चालत होता. माल यायचा तर व्यापाऱ्यांचे तांडे सुखरूप आले पाहिजेत, आणि तांडे यायचे तर वाटेत पाणी पाहिजे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन पाहा. सातवाहनांच्या काळातली ती वाट कोकण आणि देश यांना जोडते. तिथे नागनिका राणीचा लेख असलेले लेणे आहे. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. आणि घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. त्या रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरा सांगते. एका बाजूला टाके आणि दुसऱ्या बाजूला रांजण! वाटसरूला पाणी द्यायचे आणि त्याच्याकडून नाणे घ्यायचे, हा व्यवहार उघडा होता आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. नाणे घेतल्यावर पाणी दिले पाहिजे, एवढीच त्यातली नीती.

मध्ययुगात सत्ता बदलल्या, पण ही जाण संपूर्णपणे लोपली नाही. शेरशहा सूर याने जेमतेम पाच वर्षे राज्य केले, पण हमरस्त्यांवर सराया बांधल्या आणि त्यांत हिंदू व मुसलमान प्रवाशांची स्वतंत्र सोय ठेवली. अठराव्या शतकात महेश्वरहून कारभार करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी तर आपल्या राज्याच्या सीमाच ओलांडल्या. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्री त्यांची देवळे, घाट, धर्मशाळा, विहिरी आहेत. जिथे आपला अंमल चालत नाही, जिथून सारा मिळत नाही, तिथल्या वाटसरूसाठी विहीर बांधणे हे राजकारणाच्या हिशेबात बसणारे नव्हे. महाराष्ट्रातून काशीला निघालेल्या म्हातारीला त्या विहिरीवर आपल्या माणसाची ओळख पटली असेल.

आणि राजा-राणी नसतील तिथे लोकांनीच हे काम केले. आषाढी वारी हा त्याचा जिवंत पुरावा आहे. आळंदीहून निघालेली पालखी सुमारे तीन आठवड्यांनी पंढरपुरास पोचते. आजच्या स्वरूपातला हा सोहळा एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिला. लाखो माणसे पायी चालतात आणि वाटेवरची गावे त्यांना पाणी देतात, भाकरी देतात, ओसरी देतात. आपल्याकडे एकनाथांची कथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. यात्रेचे फळ कुठे मिळते, हे त्यांनी एका कृतीने सांगितले.

कावडीवरून आठवण झाली ती वरसईच्या विष्णुभट गोडशांची. पेणजवळचे हे भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळावेत म्हणून १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले, आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लूट पाहिली, जवळचे द्रव्य गमावले. ते घरी परतले तेव्हा पैसा फारसा नव्हता. होती ती गंगेची कावड. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतले हे इतके जिवंत प्रवासवर्णन हौसेतून नव्हे, कर्जातून जन्मास आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बंधुभगिनींनो, इथपर्यंतची वाट मी आपणांस मोठी रम्य करून दाखवली. पाणपोया, आमराया, धर्मशाळा. इथेच थांबलो असतो तर टाळ्या घेऊन घरी जाता आले असते. पण ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. कारण एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. या विहिरींवर येणारा ‘वाटसरू’ कोण होता? त्याच वाटेवर आणखी काही माणसे चालत होती, आणि त्यांच्यासाठी विहिरीचा दोर नव्हता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. तीन इंजिने, चौदा डबे, चारशे माणसे आणि एकवीस मैलांचे अंतर. दहा वर्षांनी बोरघाटही फुटला आणि गाडी थेट देशावर आली. लोकांना वाटले की, आता सगळे एका बाकावर बसणार, आता भेद राहणार नाहीत. बाक एक झाले, हे खरे. पण फलाटावर पाणी एक झाले नाही. स्वातंत्र्यापूर्वी अनेक स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी भांडी आणि वेगळे पाणके असत. इंजिन विलायतेहून आले, पण माठ आपलाच राहिला.

आणि ज्याला यांपैकी कोणत्याच माठाजवळ जागा नव्हती, त्याचे काय? १९०१ सालची गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर चार मुले उतरली. नवे कपडे, नव्या टोप्या, मोठ्या उत्साहात. वडील दूरच्या गावी नोकरीस होते, त्यांच्याकडे ती सुट्टीत निघाली होती. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आधी आस्थेने चौकशी केली, पण मुलांची जात कळताच तो दूर सरला. कोणी बैलगाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवाला कबूल झाला, तोही अशा अटीवर की, गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. बरोबर भरपूर खाणे होते, पण पाणी नव्हते. रात्री जकातनाक्यावर मुलांनी पाणी मागितले. गाडीवाल्याच्या सांगण्यावरून त्यांनी आपण मुसलमान आहोत असेही सांगून पाहिले. तरी पाणी मिळाले नाही. मुले उपाशी, तहानलेली, उघड्यावर झोपली. त्यांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर.

या हकिकतीतला सर्वांत बोचरा तपशील पुढेच आहे. या मुलांचे वडील त्या गावी करत काय होते? दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तळे खोदायला घेतले होते, आणि ते त्या कामावर खजिनदार होते. बाप तळ्याच्या मजुरीचा हिशेब ठेवीत होता आणि त्याच तळ्याच्या वाटेवर मुलांना घोटभर पाणी मिळत नव्हते!

नाणेघाटातल्या रांजणाची नीती मी मघाशी सांगितली की, नाणे घेतले तर पाणी दिले पाहिजे. मसूरच्या वाटेवर दुप्पट नाणे घेतले गेले आणि पाणी मात्र दिले गेले नाही. आपल्या इतिहासातल्या प्रत्येक पाणपोईचा गौरव करताना ही रात्र विसरता येणार नाही.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. आपण या ठरावाकडे सामाजिक सुधारणेचा ठराव म्हणून पाहतो. मी म्हणतो, तो प्रवाशाच्या हक्कांचाही ठराव होता. पाणवठा आणि धर्मशाळा, उषवदाताच्या यादीतल्या नेमक्या याच दोन गोष्टी! ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले.

आणि तरीही १९३४ साली काय घडले पाहा. डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. म्हणजे आपण ज्याला सहल म्हणतो तीच. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या छोट्या हौदात हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध ओरडत आला की, यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि पाळत ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. मसूरला हिंदूंनी पाणी नाकारले, दौलताबादला मुसलमानांनी. ही वृत्ती कोणा एका धर्माची मिरास नव्हती. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, लंडनच्या गोलमेज परिषदेत बोलून आले होते. साता समुद्रांचा प्रवास त्यांना करता आला, पण आपल्याच देशातल्या हौदापर्यंतचे चार हात अंतर ओलांडता येईना.

वारीचेही तसेच होते. चोखोबांच्या वंशजांनी शतकानुशतके पंढरीची वाट तुडवली, पण विठ्ठलाच्या दारापर्यंतच. साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले तेव्हा १९४७ साली ते दार उघडले. वाट सर्वांची असणे आणि मुक्काम सर्वांचा असणे यांत इतके अंतर असते.

आता ज्याला पर्यटन म्हणतात त्याकडे येऊ. हा शब्द जुना, पण धंदा नवा. हौसेने हिंडणारे पूर्वीही होते. रोमन बादशहा हेड्रियन १३० साली इजिप्तमधले मेम्नॉनचे पुतळे पाहायला गेला होता. त्याच्या लवाजम्यातल्या एका कवयित्रीने पुतळ्याच्या पायावर आपल्या कविता कोरून ठेवल्या. किल्ल्यांच्या भिंतींवर बदाम काढून नावे लिहिणाऱ्या आपल्या तरुणांची परंपरा अशी फार प्राचीन आहे! पण हे सगळे मोठ्यांचे चोचले होते. सामान्य माणसाची सहल सुरू झाली ती ५ जुलै १८४१ रोजी. थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात आगगाडीने नेऊन आणले. गंमत अशी की, हा मनुष्य मद्यपानबंदीचा प्रचारक होता आणि ही सहल दारूबंदीच्या सभेसाठी होती. आधुनिक पर्यटनाचा आरंभही असा पाणी पिणाऱ्यांनीच केला! पुढे १८७२-७३ साली त्याने जगप्रदक्षिणेची सहल काढली, तिच्यात तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याच्या नावाची ब्रिटनमधली कंपनी २०१९ साली बुडाली, पण त्याने घातलेली रीत सगळ्या जगाची झाली.

तिकिटाइतकीच दुसरी एक गोष्ट सहलीला लागते, ती म्हणजे सुट्टी. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. फ्रान्समधल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा १९३६ साली कायद्याने मिळाली आणि त्या उन्हाळ्यात कित्येक कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. म्हणून पर्यटनाला सरसकट नाके मुरडणारे विद्वान पाहिले की मला नवल वाटते. तिकीट काढणाऱ्याला खिडकीवरचा बाबू कुळ विचारत नाही. पैसा देऊन पाणी विकत घेणे हे कितीही रुक्ष असले, तरी मसूरच्या त्या मुलांना ती रुक्षता स्वर्गासारखी वाटली असती. हे न्यायाचे बोलणे आधी बोलून मगच मी पुढची तक्रार करतो.

माझ्या लहानपणी प्रवासाला निघताना आमची आजी फिरकीचा तांब्या भरून द्यायची. तो संपला की वडील स्टेशनवर उतरत, नळाकडे धावत, आणि गाडीने शिट्टी दिली की आम्हां भावंडांचा जीव टांगणीला लागे. एकदा गाडी हलली तरी वडील दिसेनात. आम्ही रडू लागलो. तेवढ्यात पुढच्या डब्यातून हाक आली. तिथल्या अनोळखी माणसांनी त्यांना हात देऊन ओढून घेतले होते, आणि पुढच्या स्टेशनावर ते आमच्या डब्यात आले तेव्हा तांब्या निम्मा रिकामा होता. ‘ज्यांनी ओढून घेतले त्यांच्या पोराला तहान लागली होती,’ एवढेच ते म्हणाले.

आज बाटलीबंद पाणी मिळते. ते स्वच्छ असते, सोयीचे असते, मीही घेतो. पण बाटली ही ज्ञानदेवांच्या विहिरीसारखी आहे. तिने एकाची तहान भागते. आणि मुख्य म्हणजे ती विकत घेतली की, आपण ज्या गावी गेलो त्या गावाचे पाणी कुठून येते, हा प्रश्न मनात येतच नाही. वाटसरू पाहुणा होता तोवर त्याला यजमानाची विहीर दिसत होती. तो गिऱ्हाईक झाला आणि विहीर दिसेनाशी झाली.

पण विहीर दिसेनाशी झाली म्हणून तळ गाठायची थांबत नाही. २०१८ च्या मे महिन्यात सिमल्याला पाण्याचा दुष्काळ पडला. लोक बादल्या घेऊन रांगेत उभे होते, आणि तिथल्या रहिवाशांनी बाहेरच्यांना विनंती केली की, कृपा करून यंदा येऊ नका. २०२४ च्या एप्रिलात व्हेनिस शहराने ठरावीक दिवशी नुसते पाहायला येणाऱ्यांवर पाच युरोंची पट्टी बसवली. नाणेघाटचा रांजण पुन्हा उभा राहिला म्हणायचा. आणि त्याच वर्षीच्या जुलैत स्पेनमधल्या बार्सिलोनात घरभाड्यांनी आणि गर्दीने त्रासलेल्या नागरिकांनी मोर्चा काढला, आणि उपाहारगृहांत बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवले.

उषवदाताच्या काळी नदीच्या दोन्ही तीरांवर प्रवाशाला पाणी दिले जात होते. आज प्रवाशावर पाणी फेकायची वेळ आली. यात दोष बार्सिलोनाच्या लोकांचा नाही, आणि आठ दिवसांची रजा काढून आलेल्या बिचाऱ्या पाहुण्यांचाही सगळा नाही. दोष असला तर तो हिशेबाचा आहे. आपण खोलीचे भाडे मोजतो, गाडीचे भाडे मोजतो. पण आपल्या येण्याने त्या गावच्या पाणवठ्यातून काय उणे झाले, हे कोणी मोजत नाही.

मग प्रवास करू नये काय? छे! मी असे म्हणालो तर आपण मला या व्यासपीठावरून खाली उतरवाल, आणि ते योग्यच होईल. कालपरवापर्यंत ज्यांना वाट बंद होती त्यांना ती आता कुठे खुली झाली आहे. त्यांना आम्ही, सगळे पाहून झालेल्यांनी, ‘आता घरी बसा’ म्हणणे हा शहाजोगपणा ठरेल. प्रवास अवश्य करावा. फक्त तो करताना अशोकाच्या आठव्या लेखातली ती गोष्ट ध्यानात ठेवावी की, मुलूख पाहायचा म्हणजे तिथली माणसे पाहायची. ज्या गावी जाल तिथल्या एखाद्याला एवढेच विचारा, ‘तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठून येते?’ उत्तर ऐकल्यावर आपला नळ आपोआप लवकर बंद होईल. आणि त्या उत्तरातून तुम्हांला त्या गावाची जेवढी ओळख होईल, तेवढी दहा ठिकाणे धावतपळत पाहून होणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या गावातली. आपल्या बसस्थानकाजवळ, बाजारात, दवाखान्याच्या दारात बाहेरगावचा माणूस रोज येतो. त्याच्या खिशात बाटलीचे पैसे असतीलच असे नाही. उन्हाळ्याचे तीन महिने एक माठ भरून ठेवणे, त्यावर स्वच्छ फडके, त्यात वाळ्याची जुडी आणि शेजारी उभा असलेला, काहीही न विचारणारा मुलगा, एवढे केले तरी आपण उषवदाताच्या यादीत जाऊन बसू. त्याला लेणे कोरायची गरज नाही.

मघाशी आपण ज्या माठाशी थांबलात, तो मला या सगळ्या इतिहासाचा शेवट वाटत नाही. तो मोठ्या कष्टाने मिळवलेला मुक्काम वाटतो. नाणेघाटातल्या टाक्यापासून या माठापर्यंत यायला आपल्याला दोन हजार वर्षे लागली. त्यांतली शेवटची काही पावले महाडच्या तळ्याकाठून गेली आहेत. जाताना पुन्हा एकदा पाणी प्या, आणि ओगराळे हातात घेताना त्यांचीही आठवण ठेवा.